श्रीरामपूरचा झहीर आणि अठरा ओव्हर्सचं गणित

आज जरा लांबून सुरुवात करतो, थेट अमेरिकेतून. मग आपल्या जिल्ह्यात येतो. थोडा धीर धरा.

ब्रँडन चिलार हे नाव किती जणांनी ऐकलंय? बहुतेक कुणीच नाही. हा अमेरिकन फुटबॉल खेळायचा. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल नाही. अंड्याच्या आकाराचा बॉल, डोक्याला हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन त्याला पाडायचं. कबड्डीत रेडरला पकडतात ना, तसंच समजा. फक्त पकडणारा शंभर-सव्वाशे किलोचा, आणि तोही पूर्ण वेगात पळत आलेला. चिलार लाईनबॅकर होता, म्हणजे पाडणाऱ्यांपैकी एक. वडील भारतीय, जन्म 1982 चा लॉस एंजेलिसचा. 2004 मध्ये सेंट लुईस रॅम्स या टीमने त्याला घेतलं, 2008 मध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. 6 फेब्रुवारी 2011 ला पॅकर्सने सुपर बोल जिंकला. सुपर बोल म्हणजे त्यांच्याकडचा वर्ल्ड कपच. चिलार त्या टीमचा होता, पण मैदानावर नव्हता. दुखापतीमुळे सीझनच्या मध्येच त्याचं नाव जखमींच्या यादीत गेलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये टीमने त्याला सोडून दिलं. वय 28. एनएफएलमध्ये तो परत दिसला नाही.

आपल्याकडे त्याचं नाव आलं ते वेगळ्या कारणाने. 2011 च्या आसपास भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग काढायचं ठरलं, एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. पैसे लावणाऱ्यांत मोठी अमेरिकन मंडळी होती आणि त्यांच्यात चिलारही होता. पुण्याच्या टीमचं नाव पुणे मराठाज, मुंबईची मुंबई ग्लॅडिएटर्स. 2012 चा पहिला सीझन खेळला गेला कोलंबोत. पुणे मराठाज श्रीलंकेत खेळतायत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा जरा. पुढे त्या लीगचं फार काही झालं नाही.

तिकडच्या खेळाडूंची संघटना सांगते की एनएफएलमधलं सरासरी करिअर तीन-साडेतीन वर्षांचं असतं. पेन्शनचा हक्क लागायला तीन सीझन लागतात. म्हणजे सरासरी पोरगा त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे जातो, किंवा अलीकडेच राहतो. करारावर कोटीच्या कोटी लिहिलेले असतात, पण त्यातली बरीच रक्कम पक्की नसते. टीमने सोडलं की पुढच्या वर्षांचा आकडा कागदावरच राहतो. आणि डोक्याला बसलेल्या धक्क्यांबद्दल हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले, लीगला मोठी तडजोड करावी लागली.

हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शरीर हेच भांडवल, आणि ते रोज थोडं थोडं झिजतंय. टीम प्रेम करते, पण मोजून करते. आपल्याकडे असा माणूस कोण? उत्तर आमच्याच रेल्वे लाईनवर सापडलं. कोपरगावहून दौंडकडे निघालात की पुणतांबा लागतं आणि मग बेलापूर नावाचं स्टेशन लागतं. नवखा माणूस तिथे गडबडतो, कारण स्टेशनचं नाव बेलापूर आणि गाव श्रीरामपूर. त्या गावचा झहीर खान.

तुम्ही म्हणाल, झहीर खान काय सांगतोस, आम्हाला माहितीये. माहितीये, पण कुठला झहीर माहितीये? आपल्या भागात त्याची एकच गोष्ट सांगतात. पोरगा हुशार होता, इंजिनिअरिंगला जाणार होता, वडील म्हणाले देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बॉलर हो. पोराने सगळं सोडलं आणि भारताकडून खेळला. टाळ्या. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की ही गोष्ट फिरते, आणि डिप्लोमा अर्धवट टाकलेला एखादा तरी पोरगा ती घरी ऐकवतो.

गोष्ट खोटी नाही. पण अर्धी आहे. आणि माझ्या मते महत्त्वाचा अर्धा भाग नेमका त्यात नाही. मी स्वतः इंजिनिअर झालेला माणूस आहे, म्हणून मला हे झोंबतं असं समजा हवं तर.

आधी पहिला भाग उरकून टाकू. जन्म 7 ऑक्टोबर 1978, श्रीरामपूर. आई शिक्षिका, वडिलांचा फोटोग्राफीचा व्यवसाय. सतराव्या वर्षाच्या आसपास तो मुंबईला गेला. तिथे सुधीर नाईक भेटले. नाईक स्वतः भारताकडून तीन टेस्ट खेळलेले, आणि नॅशनल क्रिकेट क्लब चालवायचे. राहायला जागा म्हणजे नातेवाईकांकडे, हॉस्पिटलमधली एक छोटी खोली. मग चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथे टी. ए. शेखर. आता इथे एक गंमत बघा. मुंबईच्या रणजी टीममध्ये जागा होईना, म्हणून हा गेला बडोद्याला. ‘मुंबईने घेतलं नाही’ म्हणून रडत बसला असता तर इथेच संपलं असतं. 2000-01 ची रणजी ट्रॉफी बडोद्याने जिंकली आणि फायनलमध्ये झहीर चमकला.

म्हणजे ‘इंजिनिअरिंग सोडलं’ हे वाक्य बोलताना त्याच्या मागे घरच्यांची तयारी, एक टेस्ट खेळलेला गुरू, एक पेस फाउंडेशन आणि दुसऱ्या राज्याची टीम, एवढं सगळं उभं होतं. हे सगळं वजा करून नुसतं ‘सोडलं’ तेवढं उचललं तर हाती काय येणार?

तर ऑक्टोबर 2000. नैरोबी, आयसीसी नॉकआउट. तिसऱ्याच दिवशी वनडे पदार्पण, आणि 7 ऑक्टोबरला, म्हणजे बरोब्बर बाविसाव्या वाढदिवशी, समोर ऑस्ट्रेलिया. स्टीव्ह वॉला टाकलेला तो यॉर्कर. आपण तेव्हा लहान होतो, मी तर बालवाडीच्याही अलीकडे, त्यामुळे मी तो यूट्यूबवरच पाहिलाय. डावखुरा पोरगा पळत येतो, उंच उडी मारतो, हवेत शरीर पार ताणलं जातं, आणि बॉल थेट बुडख्यात. भारतात तोवर असा यॉर्कर टाकणारे फार नव्हते. महिन्याभरात टेस्ट पदार्पण, ढाक्याला, बांगलादेशच्या पहिल्यावहिल्या टेस्टमध्ये.

ती उडी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

2003 चा वर्ल्ड कप. झहीरने स्पर्धेत 18 विकेट्स काढल्या. आणि फायनलची पहिली ओव्हर? 15 रन. वाईड, नो बॉल, गिलख्रिस्ट आणि हेडनशी डोळ्यांनी भांडण. ऑस्ट्रेलिया 359. ज्या पिढीने ती फायनल पाहिली ती पिढी अजून त्या ओव्हरबद्दल बोलते. माझे काका तर झहीरचं नाव काढलं की आधी तीच ओव्हर काढतात, 311 टेस्ट विकेट्स नंतर.

आणि मग सुरू झाली झीज. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेनला पाच विकेट्स घेतल्या, आणि लगोलग हॅमस्ट्रिंग. मांडीच्या मागचा स्नायू. मग बरा व्हायचा, परत यायचा, परत दुखायचं. वेग कमी झाला. (मध्येच ढाक्याला 2004 मध्ये अकराव्या नंबरवर येऊन 75 रन ठोकले, सचिनबरोबर शेवटच्या विकेटसाठी 133 ची भागीदारी. बॉलरच्या वाईट दिवसांत त्याची बॅटिंग आठवावी लागते, यातच काय ते आलं.) इरफान पठाण आला, मग श्रीशांत, मुनाफ, आर. पी. सिंग. डावखुरा स्विंग पाहिजे? इरफान आहे की, आणि तरुण आहे. 2005 च्या शेवटी बीसीसीआयच्या करारात झहीरची बी वरून सी ग्रेडमध्ये घसरण झाली. 2006 मध्ये तो टीमच्या बाहेर.

वय 27.

इथे थांबतो, कारण मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पंचवीस ते तीसमधले आहात. आयटीतले असाल तर ‘बेंच’ हा शब्द माहितीये. प्रोजेक्ट नाही, पगार चालू आहे, पण ई-मेल कमी येतात आणि मॅनेजर कॉल कट करतो. ग्रेड उतरवली की काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. पण आपली ग्रेड निदान पेपरात छापून येत नाही.

झहीरने काय केलं? इंग्लंडला गेला, वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला. आयपीएल तेव्हा जन्मालाही आली नव्हती, त्यामुळे हे काही झगमगाटी काम नव्हतं. काउंटी म्हणजे एप्रिलच्या थंडीपासून रोजची हमाली. चार दिवसांची मॅच, बसने दुसरं गाव, परत चार दिवस. प्रेक्षक थोडे, त्यांतले बरेच पेन्शनर, थर्मास घेऊन बसलेले. त्या सीझनमध्ये झहीरने चॅम्पियनशिपमध्ये 78 विकेट्स घेतल्या. पहिल्याच मॅचमध्ये सॉमरसेटविरुद्ध दहा. वूस्टरशायरकडून पदार्पणात दहा विकेट्स असं शंभराहून जास्त वर्षांत कुणी केलं नव्हतं. एसेक्सविरुद्ध एका डावात पहिल्या नऊच्या नऊ विकेट्स त्याच्या, आणि दहावी मिळणार तेवढ्यात कीपरच्या हातून कॅच सुटला. बॅट्समन होता डॅरन गॉफ, तोही बॉलरच. 138 रन देऊन नऊ. इतकं जवळ जाऊन हुकलं!

पण विकेट्सपेक्षा मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. जरा टेक्निकल होतो, सांभाळून घ्या.

फास्ट बॉलर बॉल सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. तो जोर घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून मांडीत, तिथून कमरेत. आणि वर हात पूर्ण वेगाने फिरतोय, म्हणजे खांद्यावर वेगळा ताण. उडी जितकी उंच, आदळणं तितकं जोरात. एका ओव्हरला सहा वेळा. दिवसात अठरा-वीस ओव्हर्स टाकल्या तर शंभराच्या वर वेळा. हा हिशेब रोज.

तर 2006 नंतरचा झहीर बघा. रनअप आखूड झाला. ती उंच उडी कमी झाली. वेगाचा हट्ट सुटला. त्याच्या बदल्यात मिळालं काय? काउंटीत ड्यूक बॉल असतो, त्याची शिवण हाताने घातलेली, उठावदार, जास्त वेळ टिकणारी. त्या बॉलवर रोज पंधरा-वीस ओव्हर्स टाकल्या की मनगट कुठे ठेवलं तर बॉल आत येतो आणि कुठे ठेवलं तर बाहेर जातो, हे बोटांना कळायला लागतं. विकेटच्या अलीकडून टाकायचं, पलीकडून टाकायचं. राऊंड द विकेट जाऊन डावखुऱ्याला सतावायचं. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅमी स्मिथ यात पुन्हा पुन्हा सापडला. आणि जुना बॉल. चाळीसेक ओव्हर्स झाल्यावर एक बाजू खडबडीत, एक बाजू घासून चकचकीत, आणि बॉल रिव्हर्स स्विंग व्हायला लागतो. बॅट्समन मग बॉलरच्या हातात बघतो, चकचकीत बाजू कुठल्या अंगाला आहे ते. झहीर काय करायचा? पळत येताना दुसऱ्या हाताने बॉल झाकायचा. बघणार कसा? इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने पुढे सांगितलंय की ही युक्ती आपण झहीरकडून उचलली. टेस्टमध्ये 700 हून जास्त विकेट्स घेतलेला माणूस श्रीरामपूरच्या पोराकडून शिकला. अशी गोष्ट सांगताना मी आवाज मुद्दाम मोठा करतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने हार्डवेअर जुनं होतंय हे मान्य केलं आणि कोड नव्याने लिहिला. फास्ट बॉलरला ‘तू जरा हळू टाक’ म्हणणं म्हणजे अपमान. त्याची ओळखच वेग असते. ती ओळख सोडायची, आणि तीही टीमच्या बाहेर असताना, सगळे म्हणत असताना की याचा वेग गेला. हे मला इंजिनिअरिंग सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. सतराव्या वर्षी सोडायला आपल्याकडे असतं काय? सत्ताविसाव्या वर्षी बरंच असतं.

2006 च्या शेवटी तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर परत आला. जोहान्सबर्गला भारताने त्या देशातली पहिली टेस्ट जिंकली. आणि 2007 चा इंग्लंड दौरा. ट्रेंट ब्रिजची टेस्ट आठवते का, जेली बीनवाली? झहीर बॅटिंगला आला तेव्हा क्रीजवर कुणीतरी जेली बीन टाकली. गोळी हो, लहान पोरांची. याने उचलून बाजूला टाकली, परत आणखी एक. मग याचं टाळकं सरकलं, बॅट रोखून पीटरसनशी वाजलं. दुसऱ्या डावात 75 रन देऊन पाच विकेट्स, मॅचमध्ये नऊ. भारत टेस्ट जिंकला, मालिका 1-0, इंग्लंडमध्ये 21 वर्षांनी. गोळ्या कुणी टाकल्या यावर पेपरांनी रकानेच्या रकाने भरले, पण त्या डावातली बॉलिंग बघा हो. रागाने टाकलेला एकही बॉल दिसत नाही. सगळं मोजूनमापून.

311 पैकी निम्म्याहून जास्त टेस्ट विकेट्स या दुसऱ्या झहीरच्या आहेत. संथ झालेल्या.

आता 2011, चिलारचंच वर्ष. वर्ल्ड कप. झहीरच्या पोतडीत आता नकल बॉल होता. बोटांच्या पेरांवर धरून टाकायचा, हाताचा वेग तोच आणि बॉल मात्र अडखळत येणारा. बंगळुरूला इंग्लंड 338 चा पाठलाग करतंय, दोन बाद 280, स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. सगळं संपल्यात जमा. झहीर जुना बॉल घेऊन येतो, बेल आणि स्ट्रॉस लागोपाठच्या बॉलवर, पुढच्या ओव्हरमध्ये कॉलिंगवूड. मॅच टाय. स्पर्धेत 21 विकेट्स, शाहिद आफ्रिदीबरोबर संयुक्त पहिला.

2 एप्रिलची फायनल वानखेडेवर. आठ वर्षांपूर्वी फायनलच्या पहिल्या ओव्हरमध्ये 15 रन देणारा माणूस पुन्हा नवा बॉल घेऊन उभा. पहिल्या तिन्ही ओव्हर्स मेडन. पाच ओव्हर्सचा स्पेल: 3 मेडन, 6 रन, 1 विकेट. थरंगा 20 बॉल खेळून 2 रनवर सेहवागच्या हातात. शेवटी मात्र मार पडला, हेही सांगायला हवं. दहा ओव्हर्समध्ये 60 रन गेले. आपण ती बाजू विसरतो, कारण धोनीचा सिक्स.

या मॅचमधली माझी सगळ्यात आवडती माहिती ऐका. वानखेडेचं ते पिच बनवलं होतं कुणी? सुधीर नाईक. तेच, नॅशनल क्रिकेट क्लबवाले. तेव्हा ते वानखेडेचे क्युरेटर होते. गुरूने पीच तयार केलं आणि चेल्याने त्यावर तीन मेडन टाकल्या. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, काहीही हं.

आणि साडेतीन महिन्यांनी, 21 जुलै, लॉर्ड्स. चिलारला टीमने सोडलं तोच महिना. झहीरने दोन्ही ओपनर काढले, कुक आणि स्ट्रॉस. 13.3 ओव्हर्स, 18 रन, 2 विकेट्स. चौदाव्या ओव्हरचे तीन बॉल टाकले आणि हात मांडीकडे गेला. हॅमस्ट्रिंग. तो बाहेर गेला आणि मालिका 4-0 ने गेली, टेस्टमधला पहिला नंबरही गेला. त्या दौऱ्यावर हरण्याची कारणं बरीच होती, सगळं एका मांडीवर ढकलता येणार नाही. पण एक माणूस किती गोष्टी धरून होता ते त्या तीन बॉलनंतर दिसलं.

फरक असा की झहीरला त्या जुलैत कुणी सोडून दिलं नाही. 2013 मध्ये तो आणि युवराज फ्रान्समध्ये ब्रीव्ह नावाच्या गावी सहा आठवडे नुसतं शरीर घडवायला गेले. युवराज कॅन्सरमधून उठलेला, हा पस्तिशीकडे झुकलेला. त्याच डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला कॅलिसला बाद करून 300 वी टेस्ट विकेट. फेब्रुवारी 2014 मध्ये वेलिंग्टन: मॅक्युलम 302 रन करतो, न्यूझीलंड 680 वर जातं, आणि 35 वर्षांचा झहीर त्या डावात 51 ओव्हर्स टाकतो. 170 रन देऊन पाच विकेट्स. ती त्याची शेवटची टेस्ट. 92 टेस्ट, 311 विकेट्स. भारतीय फास्ट बॉलर्समध्ये तेव्हा पुढे फक्त कपिल देव. (इशांत शर्माही पुढे 311 वरच येऊन थांबलाय, पण 105 टेस्टमध्ये.)

15 ऑक्टोबर 2015 ला निवृत्ती जाहीर केली तेव्हा त्याने दिलेलं कारण मला फार आवडतं. भावनिक काही नव्हतं त्यात. नव्या सीझनची तयारी करताना लक्षात आलं की दिवसाला अठराएक ओव्हर्स टाकणं आता शरीराला झेपणार नाही, असं त्याने म्हटलं. बस. अठरा ओव्हर्स म्हणजे 108 बॉल. आणि आयपीएल मात्र 2017 पर्यंत खेळला, दिल्लीचा कॅप्टन म्हणून. कारण तिथे चारच ओव्हर्स, 24 बॉल. 108 जमत नाहीत, 24 जमतात. एवढा स्वच्छ हिशेब स्वतःच्या शरीराशी किती लोक करतात?

हे सगळं मी का सांगतोय? आमच्या ओळखीत एक जण आहे. नाव नको. तोही डावखुरा. पाच-सहा वर्षांपूर्वी तालुक्यात नाईट टूर्नामेंट लागली की त्याला तीन-तीन गावांहून बोलावणं यायचं. मॅचला दोन हजार, फायनल जिंकली तर जास्त. मुरमाची कडक ग्राउंड, पायात साधे कॅनव्हास बूट, एका रात्रीत तीन मॅच. गुडघा सुजला की स्प्रे मारायचा आणि परत बॉल हातात. कुणी म्हणालं नाही की रनअप कमी कर, उडी कमी कर, आठवडाभर बस. आम्ही बाउंड्रीवरून ओरडत होतो, ‘अजून जोरात टाक, भो!’ चोविसाव्या वर्षी गुडघा कायमचा गेला. आता मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे, बरं चाललंय. पण दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना तो कठड्याला धरतो.

तो झहीरसारखाच झाला असता असं मी म्हणत नाही. बहुतेक नसताच झाला. पण गुडघा तर राहिला असता. श्रीरामपूरची गोष्ट आमच्यापर्यंत पोचताना त्यातला ‘सोडून दिलं’ हा भाग पोचला आणि ‘हळू केलं’ हा भाग पोचलाच नाही, म्हणून मला ती पुन्हा सांगाविशी वाटली. गावोगावच्या टूर्नामेंटमध्ये बॅनर, डीजे, ट्रॉफी, सगळ्याला स्पॉन्सर मिळतो. दोन रात्रींसाठी एक फिजिओ बोलवायला काय लागतं? संगमनेर, लोणी, नाशिक, इतक्या जवळ शिकणारी पोरं आहेत फिजिओथेरपीची. ऐकणाऱ्यांपैकी कुणी मंडळाचे कार्यकर्ते असाल तर यंदा करून बघा. आणि एका बॉलरला एका रात्रीत किती ओव्हर्स, याचा नियम पोस्टरवरच छापा.

झहीर स्वतः निवृत्तीच्या आधीपासूनच फिटनेस आणि दुखापतीतून सावरण्याच्या धंद्यात उतरला, प्रोस्पोर्ट नावाने. इतकी वर्षं फिजिओच्या टेबलावर काढलेल्या माणसाने दुसरं काय काढावं! पुढे मुंबई इंडियन्सकडे काम केलं, 2024 मध्ये लखनौ टीमचा मेंटॉर झाला. 2020 मध्ये पद्मश्री. सुधीर नाईक 2023 मध्ये गेले.

आज रात्री वेळ असेल तर यूट्यूबवर दोन क्लिप लागोपाठ बघा. पहिली नैरोबीची, स्टीव्ह वॉची विकेट. दुसरी 2011 च्या फायनलचा पहिला स्पेल. स्कोअर बघू नका, बॉल कुठे पडतो तेही नको. फक्त बॉल सोडायच्या आधी त्याचे पाय जमिनीपासून किती वर जातात ते बघा, आणि मला कळवा. पुढच्या शनिवारी भेटू.